मळ्यापुढं न थांबणारी मोटर

परवा देऊळगाव राजाच्या त्या चौकात आमची रिक्षा अडकली ती अडकलीच. पुढं ट्रक, मागं उसाचा ट्रॅक्टर, मध्ये एक लाल बस आणि तिच्या ड्रायव्हरवर शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेला पोलीस. "इथं थांबवू नको, पुढं घे! पुढं घे म्हणतो ना!" मी रिक्षात बसल्या बसल्या खो-खो हसायला लागले. शेजारी बसलेली पुण्याची नातसून घाबरलीच. तिला वाटलं, उन्हानं म्हातारीचं डोकं फिरलं. आता त्या गर्दीत तिला काय सांगणार? याच जागी मोटर थांबावी म्हणून आमच्या घरानं एकेकाळी काय काय सोंगं केली, आणि एका भल्या माणसाचं लग्न त्या थांबण्यापायी कसं अडून बसलं होतं, हे शिट्टीच्या आवाजात सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं सांगते.

तो चौक म्हणजे आमचा मळा. आज जिथं औषधाचं दुकान आहे तिथं विहीर होती, आणि मोबाईलवाल्याच्या जागेवर वांगी. खोटं नाही सांगत, काटेरी, जांभळी, चुलीवर भाजली की वास वेशीपर्यंत जाईल अशी वांगी. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. गाव वेशीपाशी सुरू व्हायचं आणि वेशीपाशीच संपायचं. वेशीच्या बाहेर चिखलीच्या रस्त्यानं पाऊण कोस चाललं की बाभळी, नाला आणि आम्ही. घरात पाच माणसं. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई, माझे मालक, माझे दीर, म्हणजे भाऊजी, आणि उंद्रीहून लग्न होऊन आलेली मी. शिवाय माझं एक लेकरू, पण ते तेव्हा माणसांत धरण्याइतकं मोठं नव्हतं.

गावातली माणसं आम्हाला 'रानातले' म्हणायची. आम्ही पिकवलेली भाजी खाऊन, आम्हालाच रानातले! माझं तर डोकंच फिरायचं. मी उंद्रीची, भरल्या गावातली. पण मामाजी म्हणायचे, "म्हणू दे बाई. गाव आज ना उद्या आपल्याकडेच येईन. आपून कायले जायचं त्याच्याकडे?" तेव्हा मला हे म्हाताऱ्याचं समाधान वाटायचं.

तर मोटरीचं सांगते. आधी त्या रस्त्यानं बैलगाड्याच जायच्या. मग सर्व्हिस मोटर आली, एका शेटजीची. ती कधी येईल याचा भरवसा नाही, पण हात दाखवला की कुठंही उभी राहायची. माणूस बसो, बकरी बसो, वांग्याचं टोपलं टपावर बसो. ड्रायव्हर आमच्याकडं पाणी प्यायचा आणि जाताना चार मिरच्या मागून न्यायचा. मग ती गेली आणि सरकारी मोटर आली. झ्याक रंग, खाकी कपड्यातला कंडक्टर, हातात तिकिटं पंच करायचा चिमटा. वेळेवर यायची, वेळेवर जायची. सगळं छान. फक्त स्टॉपावरच थांबायची, आणि आमच्या मळ्यापुढं स्टॉप नव्हता. जुन्या मोटरीला वेळ नव्हती, नवीला सवड नव्हती. दिवसातून दोनदा आमच्या अंगणावर धूळ उडवून ती निघून जायची. आम्ही तिच्याकडं बघायचो, ती आमच्याकडं बघायचीसुद्धा नाही.

आणि इथंच भाऊजींच्या लग्नाचं घोडं अडलं.

भाऊजी सत्ताविशीला टेकले होते. अंगानं आडमाप, बोलायला कमी, बैलांशी मात्र तासन् तास गोष्टी. नाकीडोळी नीटस, कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. सहा स्थळं आली आणि सहाही फिरली. सगळ्यांचं एकच. मळा चांगला, पोरगं चांगलं, पण वेशीबाहेर. "आमची पोरगी रानात नाही देत बाप्पा!" सासूबाई दर नकारानंतर दोन दिवस भांडी आपटायच्या. भाऊजी बैलांजवळ जाऊन उभे राहायचे.

सातवं स्थळ चिखलीचं. मुलीच्या बापाची भाजीची अडत होती, आमची वांगी त्यांनी नजरेनंच ओळखली असती. पोरगी सातवी पास. पाहायला गेलो तेव्हा वहिनी म्हणून परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडं. रीतच होती तशी. चालून दाखव, लिहून दाखव, सुई ओवून दाखव. मी जरा तोऱ्यातच सुईदोरा पुढं केला. पोरीनं एका दमात ओवला, सुई माझ्या हातात परत दिली, हळूच दोरा ओढून काढला आणि म्हणाली, "आता तुम्ही." बाई गं! भरल्या बैठकीत मी तीनदा दोरा ओला केला, तरी तो सुईच्या नाकाजवळ जाईना. आणि माझे मुकाट दीर, जे सख्ख्या भावाच्या लग्नातही हसले नव्हते, ते मोठ्यानं हसले. त्या घडीला मी ओळखलं की हा माणूस आता आपला राहिला नाही.

घरी आल्यावर ते केसांना तेल लावायला लागले. बैल बिचारे एकटे पडले.

मग होळी झाल्यावर मुलीचा बाप घर पाहायला आला, सोबत त्याची बहीण, म्हणजे मुलीची आत्या. चिखलीच्या मोटरीत बसून आले. मळा दिसला तसं त्यांनी कंडक्टरला सांगितलं, थांबव. कंडक्टर म्हणाला, इथं स्टॉप नाही. आमच्या अंगणात आम्ही सहकुटुंब उभे, सासूबाईंच्या हातात पायावर घालायचा पाण्याचा तांब्या, आणि पाहुणे खिडकीतून हात हलवत आमच्या समोरून गावात निघून गेले! स्टँडवर उतरले आणि पाऊण कोस तापल्या रस्त्यानं चालत परत आले. आत्याबाईंच्या नव्या चपलेचा अंगठा तुटलेला. अडत्याच्या टोपीतून घाम गळत होता.

पाणी झालं, चहा झाला, मळा पाहून झाला. विहिरीत वाकून पाहिलं, वांग्यांवरून हात फिरवला. सगळं पसंत. मग तो माणूस बाजेवर बसला आणि म्हणाला, "हे पाहा, पोरगं पसंत, घर पसंत. पण एक गोष्ट मले नाही पटली. माझी पोरगी इथं नांदाले येईन. तिच्या डोयापुढून दिवसातून दोनदा चिखलीची मोटर जाईन. तिच्या माहेराची मोटर! तिले दिसन, पण बसता येणार नाही. हे मले नाही पाहावणार. आखाजीपर्यंत मोटर तुमच्या दारापुढं थांबली, तं साक्षगंध करू. नाही थांबली तं मेहकरचं स्थळ आहे, भर पेठेत घर आहे त्यायचं."

साक्षगंध म्हणजे साखरपुडा, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तिला उरला होता जेमतेम दीड महिना. पाहुणे गेल्यावर भाऊजी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले आणि मोटर गेली त्या दिशेला पाहत राहिले. मला इतकी कीव आली! आणि रागही आला. काय मोठं मागत होतो आम्ही? चार श्वास थांबायचं.

बुलडाण्याच्या साहेबाला अर्ज मी लिहिला. घरात अक्षर तेवढं माझंच. पण अर्ज कधी लिहिला होता? मी आपली घरच्या पत्रासारखीच सुरुवात केली. वडिलांना साष्टांग, लहानांना आशीर्वाद, इकडील सर्व कुशल, तिकडे साहेबीणबाईंची व मुलाबाळांची खुशाली कळवावी. मग मोटरीचं. शेवटी सासूबाईंच्या सांगण्यावरून, कधी इकडं आलात तर वांगी घेऊन जा, हेही घातलं. मालक म्हणाले, "अव, अर्ज आहे का राखीचं पाकीट?" पण उत्तर आलं! अमुक दिवशी सकाळच्या चिखलीकडून येणाऱ्या गाडीनं साहेब स्वतः येतील, गाडी मळ्यापुढं थांबवून पाहतील, आणि चढणारे उतारू पुरेसे दिसले तर स्टॉपाचा विचार होईल.

मामाजींनी पटका बांधला आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत फिरून आले. "या दिवशी सकाळी आमच्या मळ्यात या. मोटरीत बसायचं, गावात उतरायचं, चालत मळ्यात यायचं अन् रोडग्याचं जेवण करून जायचं. पोट्ट्याच्या लग्नाचा सवाल आहे." असा निरोप म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? शिवाय आमच्या मळ्यातलं रोडग्याचं जेवण म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार आणि वांग्याची तर्री. त्याच्यासाठी माणसं मोटरीतच काय, विमानातही चढली असती.

आदल्या दिवशी मी तालीमसुद्धा घेतली. छकडा उभा केला मोटर म्हणून, भाऊजी कंडक्टर. शेजारच्या मळ्यातल्या बायका चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. एकीनं छकड्यात बसल्यावर उतरायलाच नकार दिला, म्हणाली बरं वाटते. भाऊजी हसत होते. महिन्याभरात पहिल्यांदा.

तो दिवस उजाडला. पहाटेपासून बैलगाड्या यायला लागल्या. चाळीसेक माणसं तरी असतील. फेटे, टोप्या, नवी लुगडी, हातात गाठोडी, म्हणजे खरंच प्रवासाला निघाल्यासारखं दिसावं. मळ्यामागं गोवऱ्या पेटल्या, सासूबाई कोपरापर्यंत कणकेत. मी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला ओळीनं उभं केलं. पुढं मामाजींचे थोरले साडू, सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्यामागं बाकी.

मोटर आली. भाऊजी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे. आणि मोटर थांबली! आमच्या दारापुढं! पुढच्या सीटवर साहेब, टोपी घातलेले, मांडीवर वही, हातात पेन्सिल. त्यांनी माणसांकडं पाहिलं आणि मान डोलावली. मी मनात देवाला नारळ बोलले.

थोरल्या साडूंनी गाठोडं काखेत मारलं आणि एक पाय मोटरीच्या पायरीवर ठेवला.

आणि माझे सासरे, ज्यांनी हा सगळा बेत रचला, ज्यांनी आठ दिवस पाय झिजवले, ते मागून धावले आणि साडूंच्या काखेतलं गाठोडं धरलं. "हे काय साडूभाऊ? जेवल्याबिगर निघाले?"

शपथेवर सांगते, ते डोक्यानं बोललेच नाहीत. त्यांचा हात बोलला. साठ वर्षांत त्यांच्या दारातून एकही पाहुणा उपाशी गेला नव्हता. निघालेल्या पाहुण्याचं गाठोडं धरायचं हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं होतं की, हा पाहुणा जाण्यासाठीच बोलावलाय हे हाताला ठाऊकच नव्हतं.

बरं, त्यांनी धरलं तर धरलं, साडूंनी तरी हिसकावून घ्यावं? पण त्यांनाही रीत ठाऊक. "नाही हो, निघतो आता," ते म्हणाले.

"माझ्या गळ्याची आण!"

"उगाच तुमाले तरास..."

"तरास कायचा? रोडगे होतच आले!"

तिसऱ्या आग्रहाला साडू पायरीवरून खाली उतरले. आता आमच्याकडं वडीलधारा जेवायला थांबला आणि धाकटे निघून गेले असं होतं का कुठं? मागची अख्खी ओळ दोन पावलं मागं सरकली. तेवढ्यात मळ्यामागून सासूबाई कणकेच्या हातानं पळत आल्या, "अव पोरीहो, कुंकू तं लावून जा! अशा कोऱ्या कपाळानं चालल्या काऊन?" झालं! बायका वळल्या त्या वळल्याच.

मी वेड्यासारखी धावले. एकीला ढकललं, दुसरीचा दंड धरला. "चढा वो! चढा ना! जा ना लवकर!" चाळीस माणसं माझ्याकडं पाहत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "माय व, सून पाहुण्याले हाकलून राह्यली." मालक लाजेनं काळेनिळे. "गप बस," ते दात खाऊन म्हणाले. मी! मी गप बसू! अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मामाजी तर आता रंगातच आले होते. खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही बी उतरा. दोन घास खाऊन जा." साहेब म्हणाले, "मी ड्युटीवर आहे." तरी मामाजींनी त्यांची वही धरली. सोडवून घ्यायला साहेबांना जोर करावा लागला.

एकच माणूस मोटरीत चढला. भाऊजी. कुणाकडं न पाहता चढले, तिकीट काढलं आणि खिडकीपाशी बसले. साहेबांनी वहीत एक रेघ ओढली आणि मोटर गेली.

मग काय, पंगत बसली. रोडगे फार छान झाले होते. थोरल्या साडूंनी पाच खाल्ले. सगळे म्हणाले, असं जेवण वरसात नाही झालं. खाता खाताच कुणाच्या तरी ध्यानात आलं की अरे, आपण तर बसायला आलो होतो. मग एकेकाचा घास हातातच राहिला. मामाजींनी स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं, पालथा करून, उलटा करून, आणि पानावरून उठले. भरल्या पानावरून ते उठलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

भाऊजी स्टँडवरून चालत परत आले. मी ताट घेऊन विहिरीवर गेले. तिकीट अजून त्यांच्या हातात होतं. "जेवा ना भाऊजी."

"भूक नाही वहिनी." मग तिकिटाची घडी घालत म्हणाले, "बाबाले काही म्हणू नका. त्यायले दुसरं येतच नाही." आणि ती घडी पुन्हा मोडत, "पण गेली ना थे आता." मला तिथंच रडू फुटलं. दोन लेकरं रडावी तशी आम्ही दोघं, मोटेचं पाणी पडतं त्या विहिरीच्या थारोळ्यावर बसून रडलो.

आठ दिवसांनी साहेबांचं कार्ड आलं. उतारू नाहीत, स्टॉप देता येत नाही.

चिखलीला काहीतरी कळवणं भाग होतं. मालक म्हणाले, "लिही, साहेब आलेच नाहीत." मी म्हटलं, "मी नाही खोटं लिहिणार." माझा राग अजून गेला नव्हता, तो सगळा मी पत्रात ओतला. जसं झालं तसं लिहिलं. गाठोडं, कुंकू, वहीची ओढाताण, मला सगळे काय म्हणाले ते, भाऊजी एकटे जाऊन चालत आले तेही. शेवटी लिहिलं, आमच्या घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देता येत नाही, म्हणून मोटर थांबत नाही. मेहकरचं स्थळ तुमच्या पोरीला लाभो. पोस्टात टाकलं आणि तो विषय आमच्यापुरता संपला. भाऊजींनी तेलाची बाटली फळीवर ठेवून दिली.

आखाजी चार दिवसांवर आली. दुपार होती. मी वांगी तोडत होते. चिखलीकडून मोटरीचा आवाज आला, मी मानही वर केली नाही. आता त्या मोटरीचं तोंड पाहायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं. ती नेहमीसारखी घरापुढून गेली. आणि मग एकाएकी घंटी वाजली, ब्रेक कचकचले, आणि पुढच्या बाभळीपाशी मोटर धुरळ्यात उभी राहिली.

हे समजायला तेव्हाच्या मोटरी ठाऊक पाहिजेत. छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी जायची. कंडक्टरनं ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याजवळ घंटी वाजायची. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. दोरीला हात लावायचा तो फक्त कंडक्टरनं. उतारू तिच्याकडं देव्हाऱ्यातल्या घंटीसारखे पाहायचे, त्याहून जरा भिऊनच.

दार उघडलं. आधी उतरली ती आत्या, पदर तोंडात, घाबरून अर्धी झालेली. तिच्यामागं पिशवी घेऊन पोरगी. आणि दोघींच्या मागं, दारात, आरडाओरडा करणारा कंडक्टर.

"घंटीले हात कसा लावला तुम्ही? थे माझी आहे! इथं स्टॉप नाही!"

"स्टॉप नाही तं थांबली काऊन?" पोरीनं विचारलं.

कंडक्टरनं दारावर चिमटा आपटला. "मी लिहून देईन वर!"

"लिहा. दोन उतारू उतरले म्हणून लिहा. आत्याले सोडू नका."

मोटरीतली माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबकळून हसत होती. दोन घंट्या देऊन कंडक्टर निघून गेला. मी टोपलं टाकून धावले, तोवर मामाजी अंगणात आले होते, खांद्यावर दुपट्टा, काय झालं ते कळेना. पोरगी सरळ आली, त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, आम्ही तुमच्या गावच्या बालाजीच्या दर्शनाले चाललो. पत्र आमच्या घरी मीच वाचून दाखवलं. बाबा म्हणले होते, आखाजीपर्यंत मोटर तुमच्या दारापुढं थांबली पाह्यजे. थांबली. कोणी थांबवायची थे त्यायनं सांगतलं नव्हतं. आत्या साक्षीदार आहे." आणि मग, सगळे पुतळ्यासारखे उभे आहोत हे पाहून, "भूक लागली वो. पत्रात तं लई लिहिलं होतं जेवणाचं."

मामाजी मोठ्यानं रडले. लाज-बिज काही नाही, लहान पोरासारखे. सासूबाई चुलीकडं पळाल्या आणि वाटेत दोनदा ठेचकाळल्या. भाऊजी तेव्हा मोट हाकत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, पण धावेवरून, बैलांच्या त्या उतारावरून, खाली यायचं धाडस होईना. बैल आपले चालत राहिले, मोट वर आली, रिकामी झाली, पुन्हा खाली गेली, आणि पाट भरून वाहून वांग्यांचा सगळा वाफा बुडाला. बुडू दे म्हटलं.

अडत्या दोन दिवस घरात ओरडत होता म्हणे. पोरीनं चार माणसांत दोरी ओढली, काय अब्रू राहिली! पण बाजारातला माणूस तो, शब्द दिला की दिला. शिवाय मोटरीतल्या उतारूंनी गोष्ट चिखलीपासून बुलडाण्यापर्यंत पोचवली होती, आता मेहकरवाले तरी कुठून थांबणार? आखाजीला साक्षगंध झालं, जेठात लग्न झालं. स्टॉप त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, आमच्या अर्जानं नाही. वेशीबाहेर लेआऊट पडले, आधी शाळा आली, मग आटाचक्की, मग भाड्याची घरं, आणि एक दिवस रस्त्यावर खांब उभा राहून त्यावर पाटी लागली. मामाजी म्हणाले होते तसं गाव चालत चालत आमच्याकडं आलं. येताना वांगी तेवढी तुडवून गेलं.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघी जावा भाकरी थापत बसलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं, "भीती नाही वाटली गं तुला?"

"वाटली ना बाई. पण पत्र वाचल्यापासून मनात तेच. दोरी तं डोक्यावरच असते, म्हटलं ओढून पाहू."

ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता माझा हात परातीतच थांबला. सहा वर्षं मी उंद्रीहून चिखलीला आणि चिखलीहून त्याच मोटरीत बसून सासरी येत होते. दर वेळी खिडकीतून माझं घर यायचं, दोरीवर वाळत घातलेलं माझंच लुगडं दिसायचं, आणि सगळं मागं निघून जायचं. एकदा तर पोराला सणकून ताप होता. माझ्या दाराला हात लागेल इतक्या जवळून मी गेले, स्टँडवर उतरले आणि त्याला खांद्यावर टाकून भर उन्हात पाऊण कोस मागं चालत आले, सरकारला शिव्या देत. पोरगं बरं झालं, देवाची कृपा. पण त्या दिवशी परातीपुढं बसून मला जावेचा इतका हेवा वाटला, आणि स्वतःचा इतका राग आला, की भाकरी करपली तरी कळलं नाही. ती दोरी माझ्याही डोक्यावर होती. आणि मी जावेपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे.